बंदरावर ठरणारे ताट

नाउरू हा प्रशांत महासागरातील देश अवघ्या २१ चौरस किलोमीटरांचा आहे. त्याची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या करवीर किंवा हातकणंगले तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावाएवढी आहे. १९७५-७६ साली पॉल झिमेट या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातील साखर तपासली, तेव्हा साधारणपणे तिघांपैकी एकाला मधुमेह असल्याचे आढळून आले. मासे, नारळ आणि केवड्याच्या कुळातील झाडांची फळे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसांचे थोड्याच काळात असे का झाले, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. त्याचे उत्तर शोधताना माणसांच्या रक्तापेक्षा, म्हणजे आनुवंशिकतेपेक्षा, त्यांच्या बंदराकडे अधिक पाहावे लागते, असे माझे मत वाचनाअंती झाले आहे, आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे कोल्हापुरात रंकाळा स्टँडच्या परिसरात औषधांचे दुकान आहे. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी आणि करवीर तालुक्यांतील खेड्यांतून सकाळच्या एसटीने येणारी माणसे दवाखान्याचे काम आटोपून माझ्याकडे येतात आणि ‘शुगरची गोळी’, ‘बीपीची गोळी’ मागतात. कारखान्याने उसाचे बिल जमा केले की त्यांच्यापैकी अनेकजण महिन्याभराची औषधे एकदम नेतात. बिल लांबले की दहा गोळ्यांच्या पट्टीतील पाचच कापून मागतात आणि त्या पाच गोळ्या एक दिवसाआड घेऊन दहा दिवस पुरवतात. पट्टी कापताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर कोणत्या तुकड्यावर राहील, हे मला पाहावे लागते, कारण तारखेविना उरलेला तुकडा मी पुढच्या माणसाला देऊ शकत नाही. आपल्याला हा आजार का जडला, याविषयी या माणसांचे मत बहुतेक वेळा एकच असते. “तोंडाला आवर न्हाई, दुसरं काय,” असे ते स्वतःच म्हणतात आणि मान खाली घालून पैसे मोजतात. ही अपराधाची भावना मला रोज दिसते, आणि ती मला अन्यायाची वाटते.

मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात, कर्करोग, श्वसनाचे दीर्घकालीन आजार ही असंसर्गजन्य आजारांची चार मोठी कुळे आहेत. ती सगळीकडेच वाढत आहेत, परंतु त्यांचा भार सर्वांत जास्त ज्यांच्यावर पडला आहे त्यांत लहान द्वीपराष्ट्रे अग्रभागी आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ च्या रिओ परिषदेपासून या देशांचा वेगळा गट मानला आहे. आज त्यात ३९ देश असून सर्वांची मिळून लोकसंख्या साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राहून कितीतरी कमी आहे. लठ्ठपणाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेले दहाही देश प्रशांत महासागरातील बेटांचे आहेत आणि तिथे ४५ टक्क्यांहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली नमूद केले. इतक्या दूरदूरच्या बेटांवरील सगळ्याच माणसांचा जिभेवरचा ताबा एकाच अर्धशतकात सुटला असेल, हे पटण्यासारखे नाही.

नाउरूकडे परत जाऊ. या बेटाच्या पठारावर उत्तम प्रतीचा फॉस्फेटचा खडक होता. तो १९०७ पासून जहाजांत भरून बाहेर जाऊ लागला आणि त्यापासून बनलेले सुपरफॉस्फेट प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील शेतांना व कुरणांना मिळाले. आपल्याकडील शेतकऱ्याला सुपरफॉस्फेट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते खत ज्या जमिनीतून निघते तिचे पुढे काय होते, हे मात्र आपण कधी विचारात घेत नाही. नाउरूचा सुमारे ८० टक्के भूभाग खणून काढला गेला आणि मागे उरले ते प्रवाळाच्या खडकाचे उभे सुळके, ज्यांच्यामध्ये ना घर बांधता येते ना बाग लावता येते. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, १९७० साली खाणी त्याच्या ताब्यात आल्या आणि काही वर्षे दरडोई उत्पन्नात त्याची गणना जगातील अग्रगण्य देशांत होऊ लागली. हातात पैसा आला, परंतु पिकवण्याजोगी जमीन किनाऱ्याच्या अरुंद पट्टीपुरती उरली. मग पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद मांस आणि शीतपेये जहाजातून येऊ लागली. पुढे फॉस्फेट संपत आले आणि पैसाही गेला. परंतु बदललेला आहार मागे फिरला नाही, कारण मागे फिरायला जमीनच उरलेली नव्हती.

याच समुद्रात आणखी एक व्यापार चालतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मेंढीचे चांगले मांस घरी खाल्ले जाते किंवा श्रीमंत देशांना विकले जाते आणि पोटाकडचा, चरबीने भरलेला पातळ पट्टा उरतो. तिकडच्या गिऱ्हाइकाला तो नको असतो, म्हणून तो गोठवून टोंगा, सामोआ यांसारख्या बेटांवर स्वस्तात पाठवला जातो. ज्या खताने ती कुरणे हिरवी केली ते बेटांवरून गेले आणि त्या कुरणांवर चरलेल्या मेंढ्यांची चरबी बेटांवर परत आली. हा हिशोब पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते. ताज्या माशापेक्षा हा पट्टा स्वस्त पडतो, तेव्हा घर चालवणारी बाई तोच विकत घेणार. कोल्हापूरकरांना तर हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून या शहरात केवढे आंदोलन झाले! दर चढला की वाटा लहान होतो आणि दर उतरला की रस्सा वाढतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

बेटांवरील सरकारे या बाबतीत स्वस्थ बसलेली नाहीत. फिजीने २०००मध्येच या चरबीच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. सामोआने २००७ साली अमेरिकेतून येणाऱ्या टर्की पक्ष्याच्या शेपटाकडच्या तुकड्यांवर बंदी आणली, कारण त्यांतही चरबीच अधिक असते आणि तेही इतरत्र खपत नाहीत म्हणूनच तिकडे येत असत. परंतु २०१२ साली सामोआ जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, तेव्हा अशी आयातबंदी व्यापाराच्या नियमांत बसत नाही म्हणून ती मागे घेण्याचे त्याला मान्य करावे लागले आणि बंदीच्या जागी जबर आयातशुल्काचा मार्ग धरावा लागला. दोन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाने आपल्या माणसांच्या हृदयाचे रक्षण करण्यासाठी घेतलेला निर्णय दूरच्या एका वाटाघाटीच्या टेबलावर असा सोडून द्यावा लागतो, तेव्हा ‘तोंडाला आवर’ या शब्दांत कितीसा अर्थ उरतो?

आता मी मॉरिशसविषयी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. त्याचे एक कारण आपुलकीचे आहे. १८३४ पासून भारतातून जे गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांत कामाला नेले गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज त्या देशाच्या लोकसंख्येत अगदी थोडे असले तरी शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. दुसरे कारण असे की, आहार वरून कसा ठरतो आणि तो वरूनच कसा सुधारता येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९८७ साली मॉरिशसमध्ये असंसर्गजन्य आजारांची मोठी पाहणी झाली. नाउरूत काम केलेले झिमेट तिथेही होते. पाहणीत मधुमेहाचे प्रमाण मोठे निघाले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि चिनी वंशाचे अशा सर्वच समाजांत मोठे निघाले. वेगवेगळ्या खंडांचा आणि प्रांतांचा वारसा असलेली माणसे एकाच बेटावर, एकाच दुकानातून माल आणून खात होती आणि एकाच आजाराने आजारी पडत होती.

त्या बेटावरील बहुतेक घरांत तेव्हा सरकारी अनुदानाचे स्वस्त तेल वापरले जात असे. त्यात मुख्यत्वे पामतेल होते आणि पामतेलात रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी संतृप्त चरबी सुमारे निम्मी असते. सरकारने १९८७ साली या रेशनच्या तेलाचा घटकच बदलला आणि पामतेलाच्या जागी सोयाबीनचे तेल आणले. घराघरांत कुणाला काही शिकवावे लागले नाही, कढई तीच राहिली आणि तळणेही तसेच राहिले. पाच वर्षांनी, १९९२ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा लोकसंख्येतील कोलेस्टेरॉलची सरासरी ५.५ मिलिमोलवरून ४.७ पर्यंत उतरलेली होती. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या एककात सांगायचे तर ती २१३ च्या आसपासून १८२ च्या आसपास आली. औषधाची एकही गोळी न देता एका संपूर्ण देशाची सरासरी इतकी खाली येणे, ही माझ्यासारख्या औषधविक्रेतीला थक्क करणारी गोष्ट आहे. याच काळात धूम्रपान आणि मद्यपानही घटले, कारण त्यांविरुद्ध शाळा, माध्यमे आणि कायदे यांतून एकत्रित मोहीम चालली होती.

परंतु सगळेच सुधारले असे मात्र नाही. लठ्ठपणा कमी झाला नाही, उलट वाढला. मधुमेहही हटला नाही आणि आज तिथल्या दर पाच प्रौढांपैकी साधारण एकाला तो आहे. तेल बदलल्याने तेलाशी निगडित दोष दूर झाला, मैदा आणि साखरेचा नाही. मॉरिशसने २०१३ साली शीतपेयांवर कर बसवला, तोही बाटलीवर नव्हे तर त्यातील साखरेच्या दर ग्रॅमवर. मला हा प्रकार शहाणपणाचा वाटतो, कारण साखर कमी केली की कर आपोआप कमी होतो आणि बनवणाऱ्याला तसे करण्याचा लाभ दिसतो. आपल्या देशात अशा पेयांवरचा कर ४० टक्क्यांच्या घरात आहे, परंतु बाटलीत साखर किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. बिनसाखरेच्या बाटलीलाही तोच भार पडतो. नाउरूनेदेखील २००७ साली साखर व शीतपेयांवर ३० टक्के आकारणी सुरू केली आणि त्याचबरोबर बाटलीबंद पाण्यावरची आकारणी काढून टाकली. जिथे पिण्याचे पाणी दुर्मीळ आहे, तिथे हा दुसरा अर्धा निर्णय पहिल्याइतकाच मोलाचा होता.

हे वाचत असताना मला आपल्या राज्यातील ‘आनंदाचा शिधा’ आठवत राहिला. दिवाळी २०२२ मध्ये रेशनकार्डावर शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल मिळाले. गरिबाच्या घरी सणाला गोडधोड व्हावे, ही भावना चांगलीच आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तेल कोणते द्यायचे याची निवड मात्र कुणीतरी एका कार्यालयात बसून केली आणि ती एका सहीने लाखो कढयांपर्यंत पोहोचली. त्या पिशवीत शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल ठेवता आले असते का, आले असते तर त्याला किती जादा खर्च आला असता आणि त्या खर्चाची तुलना पुढच्या वीस वर्षांच्या औषधांशी कुणी केली का, हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पश्चिम महाराष्ट्रात सोयाबीन आणि भुईमूग आपल्याच शेतात पिकतो, तेव्हा तर अधिकच.

रक्ताचा म्हणजे आनुवंशिकतेचा मुद्दा मी पूर्णपणे बाजूला ठेवत नाही. दुष्काळ आणि लांबचे समुद्रप्रवास सोसलेल्या लोकांत चरबी साठवून ठेवणारी ‘काटकसरी’ जनुके टिकली असावीत आणि सुबत्तेच्या काळात तीच घातक ठरत असावीत, अशी कल्पना जेम्स नील यांनी १९६२ साली मांडली होती. २०१६ साली सामोआतील लोकांत असे एक जनुकीय रूप खरोखरच सापडले, परंतु ते वजन वाढवत असले तरी मधुमेहाचा धोका मात्र कमी करत असल्याचे दिसले, आणि गोष्ट वाटते तितकी सरळ नाही हे उघड झाले. आपल्या बाबतीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय बाळ जन्मतः वजनाने हलके असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, आणि याचे मूळ आईच्या पोषणात आहे. म्हणून लठ्ठ न दिसणारी आपली माणसेही मधुमेही होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि राज्यांत सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के इतके आहे. घाट उतरला की नाउरूच्या त्या जुन्या आकड्याच्या जवळपास आपण पोहोचतो.

फिजीचा उल्लेख वर आला आहे. १८७९ पासून तिथेही ऊस लावण्यासाठी भारतीय मजूर नेले गेले आणि आज तिथल्या शस्त्रक्रिया विभागांवर मधुमेहामुळे पाय कापण्याचा मोठा ताण आहे. हे कसे घडते ते मी माझ्या दुकानात पाहिले आहे. पन्हाळ्याकडचे एक वयस्कर शेतकरी कापूस आणि जखमेवर टाकायची पावडर घ्यायला आले होते. तुटलेल्या उसाच्या फडातून चालताना बुडखा पायात घुसला, एवढेच त्यांनी सांगितले. मी पाय दाखवायला सांगितला, तेव्हा त्यांनी चप्पल काढून बाकावर पाय ठेवला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या आणि मध्ये काळपट. “काका, दुखत नाही का?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “न्हाई बाई, काय बी कळत न्हाई, म्हणून तर बरं हाय.” मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून माणूस न लंगडता चालतो, फड पुरा होतो आणि जखम हाडापर्यंत जाते. मी पावडर दिली नाही, त्यांना त्याच पावली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले आणि सोबत आलेल्या मुलाला गाठून सगळे समजावले. बोट गेले, पाय वाचला. मोठे रुग्णालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून तो वाचला. एखाद्या दूरच्या प्रवाळबेटावर राहणाऱ्या माणसाला अशा वेळी होडीची, नंतर विमानाची वाट पाहावी लागते, आणि मूत्रपिंडे निकामी झाली तर अनेक बेटांवर डायलिसिसची सोयच नसल्याने देश सोडणे किंवा मरण पत्करणे एवढेच उरते.

अंतर म्हणजे काय असते, हे कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये अनुभवले. पंचगंगेच्या महापुराने पुणे–बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीसारखी गावे पाण्याने वेढली गेली आणि शहराला दूध व पेट्रोल मिळेनासे झाले. माझ्याकडे येणारा माल थांबला. इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते आणि अनेक भागांत वीज नव्हती. एक बाई ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या लोटक्यात ठेवलेली कुपी घेऊन आल्या आणि ती अजून चालेल का, असे त्यांनी विचारले. कुपीतील द्रव गढूळ झालेला नव्हता, तरी मी ती बदलून दिली, कारण माझ्या फ्रिजला इन्व्हर्टर होता आणि थोड्या कुप्या शिल्लक होत्या. मदत म्हणून जी पाकिटे आली त्यांत बिस्किटे, नूडल्स आणि साखर होती. देणाऱ्यांची माया खरी होती आणि उपाशी माणसाला ती पाकिटे हवीच होती. मधुमेही माणसाने ती खाऊन काय करावे, याचा विचार करण्याची ती वेळ नव्हती. पाणी उतरले आणि आमचे बेटपण संपले.

बेटांचे ते संपत नाही. २०१७ साली मारिया हे चक्रीवादळ कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटाला उद्ध्वस्त करून प्वेर्तो रिकोवर गेले. प्वेर्तो रिकोच्या सरकारने मृतांची संख्या प्रथम ६४ सांगितली होती आणि वर्षभराने ती २,९७५ अशी मान्य केली. वादळ ओसरल्यानंतरच्या महिन्यांत वीज, औषधे, डायलिसिस आणि ऑक्सिजन यांवाचून जी माणसे गेली, ती पहिल्या मोजणीत नव्हती. मार्शल बेटांवर तर आपत्ती माणसांनीच नेली. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुचाचण्या केल्या, बिकिनी आणि एनेवेटाकच्या रहिवाशांना त्यांच्या बेटांवरून हलवले आणि पुढे भरपाईदाखल तांदूळ, मैदा आणि डबाबंद अन्न पुरवले. आज तो देश मधुमेहाच्या जागतिक यादीत अगदी वर आहे. तुवालू आणि किरिबातीमध्ये लोक जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खड्डे खणून त्यांत अळूच्या कुळातील मोठे कंद लावतात. समुद्राचे पाणी चढून त्या खड्ड्यांत शिरले की कंद कुजतो आणि त्याची जागा पुन्हा तांदळाची गोणी घेते. अळकुड्या आणि नीरफणस आपल्या कोकणालाही परिचित आहेत. प्रशांत महासागरातील माणसांचे तेच मूळ अन्न होते आणि ते त्यांनी आपखुशीने टाकलेले नाही.

परिषदा आणि जाहीरनामे पुष्कळ झाले आहेत. कॅरिबियन देशांच्या प्रमुखांनी सप्टेंबर २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे एकत्र येऊन या आजारांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यानंतर चार वर्षांनी संयुक्त राष्ट्रसंघाने याच विषयावर उच्चस्तरीय बैठक घेतली आणि जून २०२३ मध्ये द्वीपराष्ट्रांचे मंत्री बार्बाडोसला ब्रिजटाउन येथे जमले. मला त्यांपेक्षा पूर्व कॅरिबियनमधील छोट्या देशांनी केलेली एक साधी व्यवस्था अधिक मोलाची वाटते. एकेकट्या बेटाची औषधांची गरज इतकी थोडी असते की कोणताही उत्पादक त्याला चांगला भाव देत नाही. म्हणून हे नऊ देश आणि प्रदेश १९८६ पासून एकत्र निविदा काढून औषधे खरेदी करतात. आपण सहकाराच्या जिल्ह्यात राहतो. ऊस आणि दूध एकत्र विकण्याची ताकद आपल्याला कळते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या गावोगावच्या सेवा सोसायट्यांनी एकत्र खरेदी करून सभासदांना वर्षभर पुरवाव्यात आणि पैसे उसाच्या बिलातून वळते करून घ्यावेत, अशी योजना एखाद्या कारखान्याने केली, तर पट्टी कापून मागणारी माणसे कमी होतील. माझ्या दुकानाची विक्री त्याने घटेल, तरीही मला ती व्हावी असे वाटते, आणि एका सोसायटीच्या संचालकांपाशी मी हा विषय काढलाही आहे. परवान्याचा आणि फार्मासिस्टच्या नेमणुकीचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. तो रास्त आहे. प्रत्येक गावात नाही, तरी तालुक्याला एक परवानाधारक केंद्र ठेवून तो सोडवता येईल, असे मला वाटते.

मॉरिशसमधील कुणी मराठी वाचक हे वाचत असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. १९८७ च्या सुमारास घरातील रेशनचे तेल बदलले, तेव्हा आपल्या आई-आजींना ते जाणवले होते का, दालपुरीची आणि डाळ-मिरचीच्या वड्यांची चव बदलल्याची कुणी तक्रार केली होती का आणि दुकानदारांनी लोकांना काय सांगितले होते, हे आठवत असल्यास अवश्य कळवावे. तेल बदलण्याचा विषय इथे काढला की पहिला आक्षेप चवीचाच येतो, आणि त्याला उत्तर द्यायला मला तिथल्या स्वयंपाकघरातील माहिती हवी आहे.